देवापुढचा दिवा आणि बॅटरी

परवा वर्तकनगरला बिल्डिंगखाली लेक स्वतःच्या गाडीत डॅशकॅम बसवत होती. वायरीवर गुंडाळायच्या काळ्या टेपचा रबरी वास आला आणि मला आमची जुनी व्हॅन आठवली.

व्हॅनच्या डॅशबोर्डवर गणपती होता. त्याच्यापुढे मी लाल बल्ब लावलेला, चावीवर. म्हणजे गाडी बंद केली की बल्बही बंद. आई म्हणाली, "देवापुढचा दिवा असा चावीने विझवतात का रे?" मग मी दातांनी वायर सोलली आणि सरळ बॅटरीला जोडली.

त्यानंतर चार दिवस गाडी बाहेर काढायची वेळच आली नाही. पाचव्या दिवशी सकाळी बायकोला कळा सुरू झाल्या. तिला आत बसवून चावी फिरवली, तर नुसतं टक् झालं. दिवा तेवढा मिणमिणत होता. शेजाऱ्यांनी धक्का मारून गाडी सुरू करून दिली. त्या सगळ्यांदेखत मी आईवर ओरडलो, "तुझ्या दिव्यापायी झालं हे." ती मागच्या सीटवर सुनेचा हात धरून बसली.

वेळेत पोहोचलो, मुलगी झाली. पुढे वर्षानुवर्षं मी हा किस्सा आईची फजिती म्हणून सांगत आलो, ती गेल्यावरही.

"बाबा, वायर डायरेक्ट बॅटरीला देऊ? गाडी बंद असली तरी रेकॉर्डिंग चालू राहील," लेकीने विचारलं.

"चावीवर दे. बॅटरी उतरेल."

ती हसली. "आजीच्या दिव्यासारखी?"

"आजीला बॅटरीतलं काही कळत नव्हतं," मी म्हणालो. "मला कळत होतं."