काही लावू नका

मोठ्या सिस्टरना आमच्या दवाखान्यात डॉक्टरसुद्धा दबकून असतात. मी केसपेपरच्या खिडकीत बसते आणि ड्रेसिंगरूमचं दार माझ्या पाठीशी आहे. त्यामुळे बावीस वर्षं त्यांच्या तोंडाचा पट्टा मी फुकटात ऐकतेय.

त्यांचा राग मला कळतो, हेही सांगून टाकते. दिवसाआड एखादं भाजलेलं पोर येतंच. कुणी गरम चहाचा कप अंगावर ओढलेला, कुणी तव्याला हात लावलेला. भाजलेलं असतं इवलंसं, पण त्यावर टूथपेस्टचा हा एवढा थर. टूथपेस्ट नसेल तर लोणी, लोणी नसेल तर शाई. एका आजोबांनी तर नातवाच्या पायाला बूटपॉलिश फासून आणलं होतं. कुणी सांगितलं असं विचारलं की उत्तर ठरलेलं, शेजारच्या काकूंनी. या काकू मला एकदा भेटायला हव्यात. तो थर काढताना पोर जे किंचाळतं, तसं ते भाजताना तरी किंचाळलं असेल का, कोण जाणे. सिस्टरचा हात अगदी हलका चालतो आणि तोंड आईबापांची खरडपट्टी काढत असतं. "काही लावू नका. किती वेळा सांगायचं? काही म्हणजे काही लावू नका."

घरीही तोच खाक्या. घरात त्या, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात, जिला सगळे चिंगी म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सुनेने स्वतःच्या भाजलेल्या बोटाला टूथपेस्ट लावली होती. त्यावरून सिस्टरनी पाहुण्यांसमोर तिचा पाणउतारा केला, आणि पुढे पाच वर्षं ती गोष्ट येईल त्याला रंगवून सांगितली. मीच सहा वेळा ऐकलीय. सून गरीब स्वभावाची, खाली मान घालून ऐकायची. मला तिची कीव यायची आणि सिस्टरचा वैताग. पण बोलणार कोण? मीही गप्पच बसले.

गेल्या महिन्यात एका सोमवारी खिडकीपुढे ही रांग लागलेली असताना सून चिंगीला कडेवर घेऊन थेट आत घुसली. दुधाचं पातेलं नुकतंच गॅसवरून उतरवलं होतं. चिंगीबाई स्टुलावर चढल्या आणि पातेल्याची कड धरली. उजव्या हाताची चार बोटं लाल झालेली, एकावर बारीक फोड. रडून रडून पोरीला उचकी लागली होती.

रांग तशीच सोडून मी मागे गेले. सिस्टरनी आधी मनगटातली बांगडी काढली, सूज यायच्या आत. मग हात उलटसुलट करून पाहिला. हात स्वच्छ होता, पेस्ट नाही की लोणी नाही.

"शाब्बास," त्या सुनेला म्हणाल्या. पाच वर्षांत पहिल्यांदाच. "पाण्याखाली किती वेळ धरलास?"

सून म्हणाली की धरलाच नाही. पाऊण तास होऊन गेला होता. तिने सिस्टरना तीनदा फोन केला, पण ड्यूटीवर फोन कपाटात बंद ठेवायचा हा नियम खुद्द सिस्टरचाच. फोन लागेना, तेव्हा रिक्षा शोधत पोरीला घेऊन ती रस्त्यावर उभी राहिली.

"घरात नळ नव्हता?" सिस्टरचा आवाज चढला. मी कपाळाला हात लावला.

"नळ समोरच होता," सून म्हणाली. "पण पाणीसुद्धा लावणंच झालं ना, असं वाटलं. काय लावायचं नाही तेवढंच तुम्ही सांगता, काय करायचं ते कधी सांगितलंत? चुकलं असतं तर आणखी पाच वर्षं ऐकावं लागलं असतं. मला तुमची भीती वाटली, आई."

मी आठवून पाहिलं. पाठीमागच्या दारातून मी 'लावू नका' हजारदा ऐकलं होतं. नळाचं ऐकलं असेल दहा वेळा, तेही रडारडीत, आईबाप शरमेने मान खाली घालून उभे असताना. मला माझाही राग आला.

एवढ्यात डॉक्टर येऊन पाहून गेले. फोड फोडू नका, आणि उशीर झाला तरी पाणी सोडा, अजून उपयोग होईल, म्हणाले. सिस्टरनी चिंगीला मांडीवर घेऊन बेसिनशी स्टूल ओढलं. धार बारीक केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चिंगी हात ओढून घेत होती. सून दाराशीच उभी होती, बोलणी खायच्या तयारीत.

"इकडे ये," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी सुनेचा हात धरला आणि नातीच्या हाताशेजारी धारेखाली नेला. "एवढं गार. बर्फ नाही. वीस मिनिटं, ती रडली तरी. मग स्वच्छ कापड, सैल." चिंगीने ओढून घेतलेला हात त्यांनी पुन्हा धारेखाली धरला. "हे मी तुला त्याच दिवशी शिकवायला हवं होतं. तुझं बोट भाजलं होतं, आणि मी ते पाहिलंसुद्धा नाही."