तापल्यावर पकडणारे ब्रेक

गाडीचे ब्रेक लागले नाहीत म्हणून लग्न जमल्याचं आमच्या घराण्यातलं हे पहिलंच उदाहरण.

लग्न माझ्या धाकट्या भावाचं, विनूचं. मुलगी कुरवंड्याची, नाव सायली, लोणावळ्यात एका दवाखान्यात नर्स. फोटो दोन्हीकडून पसंत पडले होते. अडलं होतं ते फक्त सायलीच्या वडिलांपाशी, म्हणजे आबांपाशी. लोणावळ्याला सुट्टीत येणाऱ्या एका हौशी कुटुंबाची गाडी भरधाव येऊन आबांच्या भाताच्या रोपात घुसली होती आणि तिथंच डबा उघडून जेवायला बसली होती (गाडी नव्हे, कुटुंब). तेव्हापासून आबांनी जाहीर करून टाकलं होतं, "ज्या घरात गाडी दामटत्यात, त्या घरात माझी पोर न्हाई द्यायची."

मध्यस्थानं हे सांगितल्यावर विनू माझ्याकडं बघायला लागला. आई बघायला लागली. बायको आधीपासूनच बघत होती. तळेगावात माझ्या गाडी चालवण्याबद्दल फार गैरसमज आहेत. मी कोपऱ्यावरून वळलो की भाजीवाल्या मावश्या टोपल्या उचलून घेतात हे खरं आहे, पण त्या आदरानं उचलतात.

"दादा, निदान ब्रेक तरी बघून घे," विनू म्हणाला. "गेल्या आठवड्यापासून खरखरतायत."

"बघून काय घ्यायचे? नवेच टाकतो. सगळ्यात भारी."

"साधे टाका," बायको म्हणाली.

"तुझ्या दिराचं लग्न ठरायचंय आणि ब्रेक साधे?"

आमच्याकडं पद्धतच आहे तशी. पाहुण्यांकडं पहिल्यांदा जाताना पेढे भारी, साडी भारी, आईची शालसुद्धा भारी. मग ब्रेकांनीच काय घोडं मारलंय?

देहूरोडला एका दुकानात गाड्यांचे सुटे भाग मिळतात. मालकानं तीन खोकी काउंटरवर मांडली, साड्यांच्या दुकानात मांडतात तशी. "हे रोजच्या गाडीला. ऑफिस, भाजी, पोरांची शाळा. पाय ठेवला की लागतात. हे जरा जोरात चालवणाऱ्यांना. आणि हे रेसवाल्यांचे. पुण्याच्या एका हौशी गिऱ्हाइकानं तुमच्याच मॉडेलसाठी मागवले होते. परत आलाच नाही."

(का आला नाही हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.)

"हेच द्या. रेसवाले."

"पण साहेब, हे तापल्यावरच पकडतात. गार असले की नुसते घसरतात."

"मग काय अडचण आहे? आमची गाडी सोसायटीत दिवसभर उन्हातच उभी असते."

मालकानं आधी पैसे मोजून घेतले आणि मग खोकं पिशवीत घातलं.

रविवारी आम्ही चौघं निघालो. मी चालवायला, शेजारी आई, मागं विनू आणि बायको, बायकोच्या मांडीवर पेढे. जुन्या हायवेला मी नेहमीच्या वेगानं (म्हणजे आई डोळे मिटून जप करते त्या वेगानं) गाडी काढली आणि सिग्नल आला की दाबत गेलो. काय ते ब्रेक! जणू कुणीतरी मागून गाडीची शेपटी धरत होतं. आवाज तेवढा येत होता. दर सिग्नलला असा काही चीत्कार निघायचा की वडगावात एक पोलीस स्वतःच रस्त्यातून बाजूला झाला.

"बघितलंस?" मी आरशातून बायकोला म्हणालो.

"ऐकलं," ती म्हणाली.

लोणावळा सोडलं आणि कुरवंड्याचा चढ लागला. चढावर ब्रेकची गरज नसते. धुकं उतरलं होतं, वारा बर्फासारखा होता. आम्ही काचा लावून उबेत बसलो होतो. बाहेर चाकांत बिचारे ब्रेक काकडत होते, आणि त्यांचा विचार कुणाच्याही मनात आला नाही.

आबांचं घर चढ संपतो तिथंच. दारात आबा पांढऱ्या टोपीत, शेजारी सायलीच्या आई भाकरतुकडा ओवाळायला घेऊन उभ्या, मागं अख्खी भावकी. मी ऐटीत वेग कमी केला, काच खाली घेतली, हसलो आणि ब्रेकवर पाय ठेवला.

काहीच झालं नाही. लोण्याच्या गोळ्यावर पाय दिल्यासारखं वाटलं.

"नमस्कार आबा," मी म्हणालो, आणि आबांच्या समोरून निघून गेलो.

"अवो पाव्हणं," मागून आवाज आला, "घर हितंय!"

"अहो, थांबवा," बायको म्हणाली.

"थांबवतोय."

"ही पुढं चाललीय."

"ते तिचं चाललंय. मी थांबवतोयच."

"हँडब्रेक ओढ," विनू ओरडला.

आमच्या गाडीचा हँडब्रेक म्हणजे छत्री अडकवायची सोय. त्याचा गाडीशी संबंध सुटून तीन पावसाळे झाले होते.

घराच्या पुढं रस्ता उताराला लागतो आणि थेट मारुतीच्या देवळापुढच्या मैदानात शिरतो. मैदानाच्या पलीकडं शेत होतं. शेतात भात उभा होता. आबांचा! सरळ गेलो तर भावाचा संसार त्या चिखलात बुडणार हे दिसत होतं, म्हणून मी वळलो. देवळाभोवती वळलो. तेव्हा कुठं मला दुकानदाराचं वाक्य आठवलं. तापल्यावर पकडतात? मग तापवू. डावा पाय ब्रेकवर दाबून धरला, उजवा अॅक्सिलरेटरवर, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीनं मारुतीभोवती फिरायला लागली. अर्धा फेरा चढ, अर्धा उतार. उताराला लागली की माझ्या तोंडून आपोआप "मारुतीराया, मारुतीराया" निघत होतं. आईनं तर मोठ्यानं स्तोत्रच धरलं.

एवढ्यात आबा आणि भावकी धावत मैदानात पोचली. समोरचं दृश्य बघून सगळे चपला काढून उभे राहिले.

"प्रदक्षिणा घालत्यात," कुणीतरी हळूच म्हणालं.

"गाडीतनं?"

"म्हातारी हाय न्हवं संगं. गुडघं दुखत आसतील."

सायलीही आली होती. ती देवळाच्या पारापाशी उभी राहिली आणि आमची गाडी तिच्यासमोरून जायला लागली. मुलगा-मुलगी बोलून घेण्याचा कार्यक्रम घरात, चहा झाल्यावर व्हायचा होता. तो तिथंच सुरू झाला, कारण दुसरा इलाज नव्हता. विनूनं काच खाली घेतली.

"नमस्कार," विनू म्हणाला. तोवर ती मागं गेली.

पुढच्या फेरीला तिनं विचारलं, "कंपनीत शिफ्ट असते का?"

विनूनं अख्खा फेरा विचार केला आणि तिच्यासमोर आल्यावर म्हणाला, "असते. पण रात्रपाळी सोडलीय."

पुढची फेरी. "माझी असते रात्रपाळी. चालेल?"

"स्वयंपाक येतो मला," विनू पुढच्या फेरीला म्हणाला. "पोळ्या सोडून."

"हा उजव्या हाताला बसलाय म्हणून बोलता तरी येतंय," बायको पुटपुटली. "उलटे फिरला असतात तर मला द्यावी लागली असती उत्तरं."

आता चाकांतून धूर यायला लागला. आधी निळसर, मग चांगला दाट. सायलीच्या आज्जीनं दोन्ही हात जोडले. "धूपबी घातलाय गं बया गाडीला." ब्रेकांनी त्याच वेळी तो पोलीस हटवणारा सूर लावला. भावकीतल्या एकानं लगेच देवळातली घंटा बडवायला घेतली, दुसरा नारळ आणायला पळाला.

आणि मग ते तापले.

मी पाय दाबूनच बसलो होतो. देवळाच्या दारासमोर आलो आणि चारही चाकं एकदम जमिनीला खिळली. गाडी थांबली, आम्ही नाही. आम्ही चौघं एकाच क्षणी कमरेतून वाकलो, माझं कपाळ स्टिअरिंगला, आईचं डॅशबोर्डला, मागच्या दोघांची पुढच्या सीटना टेकली. पेढ्यांचा खोका आईच्या डोक्यावरून उडून समोरच्या काचेला लागून फुटला. हॉर्न माझ्या कपाळानं दाबला गेला तो वाजतच राहिला.

आबा पुढं आले. डोळे पुसत होते.

"आसं साष्टांग आमीबी कदी घातलं न्हाई," ते म्हणाले. "आन् गाडी किती सबुरीनं हाकली. गोगलगाय बरी." मग भावकीकडं वळून म्हणाले, "सुपारी आत्ताच फोडायची. मारुतीम्होरंच."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. बायकोनं त्यात डॅशबोर्डवरचा पेढा घातला.

सायली सगळं समजून होती. दर सुट्टीला घाटात जळक्या ब्रेकचा वास घेऊन तिची हयात गेलेली. लग्नानंतर विनूनं तिला विचारलं, मग हो कशाला म्हणालीस? ती म्हणाली, "गाडी थांबत नाही हे माहीत असून जो माणूस पोळ्यांबद्दल खरं बोलतो, तो चालेल." माझ्याबद्दल तिनं काही मत दिलं नाही. एका घरात राहून ते मला कळेलच असं तिला वाटलं असावं.

ब्रेक मी दुसऱ्याच दिवशी साधे बसवून घेतले. प्रकरण मात्र तिथं मिटलं नाही. आबांनी गावभर सांगितलं की तळेगावच्या पाव्हण्यांची पद्धत लय नामी हाय. आता कुरवंड्यात कुणी नवी जीप घेतली, ट्रॅक्टर घेतला, की ती पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक दाबून, धूर निघेपर्यंत मारुतीभोवती फिरवायची आणि शेवटी दारासमोर कपाळ टेकायचं. दसऱ्याला तर रांग लागते. सगळ्यांच्या पुढं राहायचा मान माझा असतो. मी पांढरी टोपी घालून, चेहरा भाविक ठेवून, चांगले ब्रेक मुद्दाम जाळत फिरत असतो आणि मागं अर्धा मावळ धुरात खोकत असतो.

"आता तरी खरं सांगून टाका त्यांना," बायको दरवर्षी म्हणते.

कसं सांगणार? गेल्या दसऱ्याला त्यांनी माझा सत्कार केला. विषय होता, सुरक्षित वाहन चालवणं. मी त्यावर भाषणही केलं, आणि ते लांबलं, कारण मला थांबताच येईना.