काळ्या शाईची चावी

मावशींना छापखान्यात एकतीस वर्षं झाली होती. नवरा होता तोवर त्या पानं मोजायला आणि बायंडिंगला बसायच्या. तो अचानक गेला आणि महिन्याभरात त्या मशीनवर उभ्या राहिल्या. "बाईमाणसाला झेपणार का हे?" असं विचारणारेच पुढे मुलांच्या लग्नपत्रिका छापायला त्यांच्या दारात आले. त्यांच्या नखांच्या कडा कायम निळ्या असायच्या. लिंबू चोळून झालं, रॉकेल लावून झालं, शेवटी त्यांनी नाद सोडला.

नवऱ्याने शिकवलेली एक गोष्ट मात्र त्या डोळे मिटून करत. मशीनवर शाईच्या हौदाला ओळीने चाव्या असतात. चावी आवळली की कागदाच्या तेवढ्या पट्ट्यात शाई कमी उतरते, सैल केली की जास्त. नवरा सांगायचा, "चेहरा आला की त्या पट्ट्यातली काळ्या शाईची चावी अर्धा आटा आवळायची. गिऱ्हाइकाला स्वतःची ओळख पटली नाही तरी चालतं, काळवंडलेलं चालत नाही." मशीन हाती आल्यापासून मावशींनी गावातली सगळी तोंडं अर्ध्या आट्याने उजळ करून दिली. कुणी तक्रार केली नाही.

त्या वर्षी नगरपालिकेने पाळणाघर बंद केलं. इमारत पाडून तिथे गाड्या लावायची सोय होणार होती. मावशींचा मुलगा बोटीवर, सहा-सहा महिने घराबाहेर. सून इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. मग तीन वर्षांची नात दिवसभर छापखान्यात. एका कोपऱ्यात पोर आणि दुसऱ्या कोपऱ्यात कागद कापायचं मशीन, त्याचं पातं हातभर लांब. मावशी काम करताना दर दोन मिनिटांनी मान वळवून बघायच्या. संध्याकाळी मान धरायची.

म्हणून त्यांनी शेजारच्या निवृत्त मास्तरांना गाठलं. समिती झाली, सह्या झाल्या, पत्रक ठरलं. डाव्या बाजूला नगराध्यक्षांचा फोटो आणि त्यांना चार प्रश्न, उजव्या बाजूला मास्तरांचा फोटो आणि आवाहन. पाळणाघरासाठी सोमवारी सभाही ठरली, तिथे सून बोलणार होती. नोकरी करणाऱ्या आयांची बाजू तिच्याइतकी कोण मांडणार?

नगराध्यक्ष नदीपलीकडच्या वस्तीतले. तिथल्या लोकांचे आजे-पणजे दगडाच्या खाणीवर कामाला आले आणि इथलेच झाले. रंगाने काळेभोर. तिकडून निवडून आलेला हा पहिलाच माणूस. मावशींची सूनही तिकडचीच. मुलाने लग्न ठरवलं तेव्हा मावशींनी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि याचा त्यांना मनातून थोडा अभिमानही होता.

शनिवारी दुपारी सून ड्यूटी संपवून थेट छापखान्यात आली. गठ्ठे बांधून तयार होते. तिने वरचं पत्रक उचललं आणि तशीच उभी राहिली.

"काय गं, काही चुकलं का?"

"आई, हे नगराध्यक्ष आहेत?"

"मग कोण?"

"डोळे कुठायत त्यांचे?"

मावशींनी चष्मा लावला. डावीकडे काळा डाग होता, त्यात पांढरे दात. उजवीकडे मास्तर, आजच आंघोळ केल्यासारखे.

"फोटोच तसा आला असेल," मावशी म्हणाल्या. "मी कशाला मुद्दाम करेन?"

"मुद्दाम केलंत असं मी म्हटलं का?" सुनेने पत्रक गठ्ठ्यावर नीट ठेवलं. "पण सोमवारी मी बोलणार नाही. हे हातात घेऊन मी माहेरी माझ्या आईसमोर उभी राहू शकत नाही."

मावशी मशीनपाशी गेल्या. चाव्या सकाळी ठेवल्या तशाच होत्या. उजवीकडच्या दोन काळ्या चाव्या अर्धा आटा आवळलेल्या. डावीकडच्या मोकळ्या. आवळल्याचंही आठवत नव्हतं, न आवळल्याचंही. हात आपला चालत राहिला होता. इथे चेहरा आहे, हे त्या हाताला उजवीकडे कळलं होतं. डावीकडे कळलं नव्हतं.

तेवढ्यात मास्तर गठ्ठे न्यायला आले. मावशींनी त्यांना पत्रक दाखवलं.

"अहो, तसाच तर आहे तो!" मास्तर हसले. "उलट बरंच झालं. लोकांच्या डोळ्यात भरेल." मग त्यांना सून दिसली. "म्हणजे... छपाई म्हणतोय मी."

मावशींनी नातीला उचलून सुनेकडे दिलं, गठ्ठे एकेक करून कापायच्या मशीनखाली सरकवले आणि पातं खाली आणलं. दोन हजार पत्रकांचे चार-चार तुकडे झाले.

"मावशी, वेड लागलं का तुम्हाला! सोमवारी सभा आहे!"

"मागची बाजू कोरी आहे, मास्तर. किराणावाल्याला चिठ्ठ्या होतील."

मास्तर पाय आपटत गेले. सुनेने पोरीला कडेवर घट्ट धरलं होतं. ती हळूच म्हणाली, "आई, एक विचारू? राग नका मानू. हे नगराध्यक्ष आपल्यातले असते, म्हणजे तुमच्यातले, तर काढलं असतंत पत्रक?"

"काढलं असतं," मावशी ताबडतोब म्हणाल्या. "पाळणाघर ते पाळणाघर." मग स्टुलावर बसल्या. मागच्या नगराध्यक्षांनी गल्लीतला नळ काढला होता तेव्हा त्या सरळ त्यांच्या घरी गेल्या होत्या. ओसरीवर बसून, पाणी पिऊन, भांडून आल्या होत्या. नळ परत आला होता. "पण आधी भेटायला गेले असते," त्या म्हणाल्या. "या वेळी ते डोक्यातच आलं नाही बघ."

सुनेने पोरीचे केस सारखे केले. "उद्या रविवार आहे," ती म्हणाली. "जाऊ त्यांच्याकडे, मी येते. पण तुमच्या बाजूने बोलणार नाही हं. पाळणाघराच्या बाजूने बोलेन."

"एवढं पुरे आहे मला."

दोघी गेल्या. नगराध्यक्षांनी त्यांना तासभर अंगणात बसवलं. मग बाहेर येऊन, उभ्या-उभ्याच, ठराव झालाय, आता काही होणार नाही, असं सांगितलं. सुनेने त्यांना तोंडावर विचारलं, "दादा, तुमच्या बायकोला कधी पोर कडेवर घेऊन ड्यूटी करावी लागली का?" ते आत निघून गेले. परतताना सून रागाने इतकी भरभर चालत होती की मावशींना धाप लागली.

त्याच दुपारी मशीन पुन्हा सुरू झालं. या वेळी चार प्रश्नांचे सात झाले आणि ते जास्त कडक होते. फोटोसाठी मावशींनी डावीकडची चावी आवळली आणि पहिला कागद सुनेपुढे धरला.

"छे! हे तर मास्तरांचे भाऊ दिसतात. सैल करा."

"आता?"

"थोडी आवळा. थोडीच हो! हां. हे आमचे नगराध्यक्ष." मग तिने उजवीकडे बोट दाखवलं. "आणि मास्तरांनाही जरा खरं होऊ द्या." मावशींनी मास्तरांची चावी सैल केली. त्यांच्या गालावरचे डाग वर आले.

संध्याकाळी सून अर्धे गठ्ठे घेऊन पुलापलीकडे माहेरी गेली. मावशीही पोरीचं बोट धरून सोबत होत्या. तिथल्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याने कात्री थांबवून पत्रक हातात घेतलं, उजेडाकडे धरलं.

"फोटो झकास आलाय आमच्या माणसाचा," तो म्हणाला. मग ओठ हलवत सातही प्रश्न वाचले. खुर्चीतल्या गिऱ्हाइकालाही वाचायला दिले.

"अजून दहा-बारा ठेव इथे," तो सुनेला म्हणाला. "आणि सोमवारी किती वाजता म्हणालीस?"