तिसऱ्या रांगेतला विद्यार्थी

कुवेतमधल्या फिंतासच्या त्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी दुपारी तीनच्या आधी टीव्ही लावायला बंदी होती. चाचांच्या कागदावर पहिला कार्यक्रम तीनलाच होता.

तो कागद म्हणजे एका इंग्रजी वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण. ब्रिटनमधल्या टीव्हीवर एका दिवशी काय काय दाखवणार, त्याची यादी. चाचा विशीत असताना उत्तर इंग्लंडात शिकायला होते, तेव्हाची, म्हणजे पन्नासच्या दशकातली. आता ते नव्वदीला टेकलेत. एक डोळा गेलाय, दुसरा जायच्या वाटेवर आहे. मी त्यांची घरी राहणारी नर्स.

इथे घरात कामाला राहणारे मालकाला ‘बाबा’ म्हणतात. पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, मालक म्हणजे बाप नव्हे, मला माझा बाप आहे. त्यांची मुलगी अवाक् झाली. ते मात्र हसले. त्यांचं लहानपण वडिलांच्या खजुराच्या व्यापारापायी मुंबईत गेलेलं, त्यामुळे हिंदी झकास. म्हणाले, “मग चाचा म्हण. फुकटचा चाचा कुणाला नको असतो?”

शुक्रवार माझ्या सुट्टीचा. सुट्टीच्या दिवशी काम करायचं नाही, हे माझं तत्त्व. पण हवल्लीला ओळखीच्या बायकांकडे जाऊन सोन्याचे भाव ऐकायचे, की स्वयंपाकघरामागच्या माझ्या खोलीत भिंतीकडे बघत पडायचं? त्यापेक्षा मी चाचांचा टीव्ही लावायची. यादीतले कार्यक्रम मिळत नसत. त्याच काळातलं, त्याच जातीचं काहीतरी मी इंटरनेटवर शोधून ठेवायची. तीनला गृहिणींसाठी: जुन्या पडद्याचा फ्रॉक कसा शिवावा. पाचला मुलांसाठी बाहुल्या. सहा ते सात काहीच नाही. त्या काळी तिथे तो तासभर टीव्ही बंदच असायचा. मग आम्हीही बंद करायचो आणि बोलत बसायचो. आठवड्यात मी कुणाशी तासभर सलग बोलत असेन, तर तेवढंच.

रात्री आठच्या कार्यक्रमाखाली लाल रेघ होती. परदेशी विद्यार्थी ब्रिटिश पाहुण्यांना प्रश्न विचारतात, असा तो कार्यक्रम. त्यात चाचा होते, तिसऱ्या रांगेत. त्यांनी उठून एक प्रश्नही विचारला होता. ते राहायचे त्या घरच्या बाईने आणि तिच्या मुलांनी तो घरी बसून पाहिला. कुवेतमध्ये तेव्हा टीव्ही नव्हता, त्यामुळे इथे कुणी पाहायचा प्रश्नच नव्हता. आणि चाचा स्वतः स्टुडिओत.

“सगळ्या इंग्लंडने माझा चेहरा पाहिला,” ते म्हणायचे. “मी सोडून.”

दुसरा डोळा जायच्या आत त्यांना तो पाहायचा होता. डॉक्टरांनी काही महिने सांगितले होते.

“प्रश्न काय विचारलात पण?” मी एकदा विचारलं.

“विचारलं, सहा ते सात टीव्ही का बंद ठेवता?”

“एवढंच?”

“पाहुणे खूप हसले. म्हणाले, आयांना मुलं झोपवता यावीत म्हणून.”

“चाचा, साम्राज्यवाले समोर बसले होते! तेलाबद्दल विचारायचं, गुलामीबद्दल विचारायचं!”

“तू जन्मली नव्हतीस ना. नाहीतर तुला विचारूनच गेलो असतो.”

मी चिडले, मग हसले. माझं वाचणं पत्रकांवर सुरू झालं. आमच्या गावच्या खाडीत कारखान्याचं पाणी सोडायचे, त्याविरुद्ध वडील पत्रकं छापायचे आणि मी घडी घालता घालता अक्षरं लावायची. वडिलांचा एकच नियम होता: आपण स्वतः तपासलं नाही ते छापायचं नाही. मेलेले मासे आम्ही मोजून लिहायचो.

दोन महिने मी तो कार्यक्रम शोधला. जुने कार्यक्रम जपून ठेवणाऱ्या इंग्लंडमधल्या एका संस्थेला पत्र पाठवलं. उत्तर सभ्य होतं. तो कार्यक्रम थेट दाखवला गेला. त्याचं चित्रीकरण ठेवलंच नव्हतं. हरवलं असतं तर कुठेतरी सापडण्याची आशा तरी राहिली असती.

मी ते पत्र आधी चाचांच्या मुलीला दाखवलं. ती वरच्या मजल्यावर राहते. तिने दुसऱ्याच दिवशी दुसरीच फीत शोधून आणली. तसाच एक कार्यक्रम, तसेच रांगेत बसलेले विद्यार्थी.

“हे दाखव. तिसऱ्या रांगेत कुणी ना कुणी आहेच.”

“पण मॅडम, ते चाचा नाहीत.”

“त्यांना दिसतंय किती? सांग, हाच तो.”

“मी सांगणार नाही.”

“नको सांगूस. नुसतं लाव.”

एवढं मी कबूल केलं. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शुक्रवारी आठला मी ती फीत लावली. चाचा चष्मा पुसून पुढे सरकले. गुडघे टीव्हीच्या टेबलाला टेकले. मुलगी दारात उभी होती. तिसऱ्या रांगेत एक काळ्या केसांचा पोरगा टाय सावरत उठला.

“थांब! थांबव! हा! हा मी!” त्यांनी काचेवर बोट ठेवलं. तो पोरगा बसच्या तिकिटांबद्दल काहीतरी विचारत होता, पण चाचांच्या कानातलं यंत्र टेबलावर पडलेलं. त्यांनी मान वळवली. चेहरा असा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. “मीच ना गं?”

दारातून मुलीने मान हलवली, हो म्हण म्हणून.

“नाही, चाचा,” मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. मला यंत्र त्यांच्या कानात घालून पुन्हा म्हणावं लागलं. “तुम्ही नाही. तो कार्यक्रम त्यांनी ठेवलाच नाही. पत्र आलंय.”

त्यांनी काचेवरचं बोट काढलं. म्हणाले, “मग तू लावलास कशाला?”

मी ‘नाही’ म्हणाले, याचा मला पश्चात्ताप नाही. लावला, याचा आहे.

मुलीने नंतर त्यांना समजावलं की पत्र वेगळ्याच कार्यक्रमाबद्दल होतं, मुलीचा काहीतरी घोटाळा झाला. मुलगी म्हणजे मी. त्यांनी तिचं ऐकलं. आता शुक्रवारी वरच्या मजल्यावरची सगळी खाली येतात. नातवंडं इंग्रजीत ओरडतात, टाळ्या वाजवतात. तीच फीत, तोच पोरगा. मी माझ्या खोलीत असते. भिंत पातळ आहे. चाचांचं माझ्याशी बोलणं आता गोळ्या, पाणी, आभाराचं अरबी ‘शुक्रन’, एवढंच. करार संपायला आठ महिने आहेत. फोनवर वडिलांना सांगितलं तर म्हणाले, बरोबर केलंस. त्यांचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला.

गेल्या शुक्रवारी सगळे वर गेल्यावर मी डोळ्यात घालायचे थेंब घेऊन आत गेले. पडद्यावर तो पोरगा तसाच थांबवलेला होता, अर्धवट उठलेला.

“बघ,” चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले, “किती बारीक होतो मी.”

मी बाटलीचं झाकण काढलं.

“मान मागे घ्या, चाचा. डोळा उघडा ठेवा.”