अन्वीच्या बाबाची परी

अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या बॉथेल गावात दातांच्या परीवर इतका गाढ विश्वास असलेला दुसरा माणूस सापडणार नाही. आणि गंमत म्हणजे ती परी तो स्वतःच आहे. दुधाचा दात पडला की पोरांनी तो उशीखाली ठेवायचा, परी येऊन दात नेते आणि त्या जागी काहीतरी ठेवून जाते, अशी इकडची समजूत. बाकीचे आईबाप एखादी नोट सरकवून मोकळे होतात. आमच्या शेजारच्या या सॉफ्टवेअरवाल्याला, म्हणजे अन्वीच्या बाबाला, ते पटत नाही. "यार, परी म्हणजे काय एटीएम आहे का?" असं त्यानं मला फार कळवळून विचारलं होतं. त्याची परी शिंपला आणते, मोरपीस आणते. एकदा तिनं गुळपापडीची वडी आणली आणि उशीला कितीतरी दिवस तुपाचा वास येत राहिला. दात हलायला लागला की हा मीटिंगा कॅन्सल करतो आणि घरात लग्न ठरल्यासारख्या आवाजात कुंपणावरून सांगतो, "खालचा डावा हलतोय!" एका संध्याकाळी मी गवत कापायचं मशीन सुरू केलं, तर धावत आला. "बंद कर रे, आज ती येणार आहे. बिचकेल." अन्वी तेव्हा स्विमिंगला गेली होती, ऐकायला मी एकटाच होतो.

मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. पुस्तकात छापलेलं तेवढंच खरं मानत इथवर आलो, आणि त्या पुस्तकांचे उपकार मी विसरलेलो नाही. त्यामुळे त्याचं हे वेड मला सुरुवातीला पोरकट वाटायचं. माझं मत बदललं ते एका शनिवारी.

त्या आठवड्यात वर्गातल्या एका मैत्रिणीनं अन्वीला सांगितलं होतं की परीबिरी काही नसते, ते सगळं डॅड लोकच करतात. तेव्हापासून अन्वी बाबाकडे बारीक नजरेनं बघत होती आणि बाबाचं जेवणावरून लक्ष उडालं होतं. अशात लाडू खाताना तिचा दात पडला, आणि पडला तो नेमका नागपूरहून आलेल्या आजीसमोर. आजीनं दात धुतला, नातीला अंगणात नेलं आणि "उंदीरमामा, जुना घे, नवा दे" असं म्हणायला लावून तिच्याच हातानं तो छपरावर फेकवला. फेकेपर्यंत दोघी खूश होत्या. मग उशीखाली ठेवायला आता काहीच उरलं नाही हे अन्वीच्या लक्षात आलं आणि तिनं भोकाड पसरलं.

"आई, अगं छपरावर कशाला?" रडणं ऐकून धावत आलेला बाबा म्हणाला.

"तुझे सगळे तिथंच टाकले होते मी. आले ना नवे? उष्टा दात उशीखाली ठेवतात होय रे!"

अन्वीचा बाबा उंचीला इतका भितो की घरातला बल्बही बायको बदलते. पण त्या दिवशी तो माझी शिडी मागायला आला. पाऊस झिमझिमत होता. मी खालून शिडी धरली आणि वर त्याचे पाय लटलटत होते. छपराच्या कडेची पन्हळ त्यानं हातानं उपसली. ओल्या पानांचा चिखल निघाला, कुणाचा तरी टेनिसचा चेंडू निघाला, दात काही निघाला नाही. शेवटी मी हळूच म्हणालो, "अरे, तांदळाचा दाणा कागदात गुंडाळून ठेव. तिला काय कळणार?"

मी देवाचा नैवेद्य उष्टा केल्यासारखं त्यानं वरून माझ्याकडे पाहिलं.

"तिला नाही कळणार. पण परीला कळेल ना!"

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी शिडी जरा घट्ट धरली.

तेवढ्यात अन्वी आजीच्या छत्रीतून ओरडली, "बाबा, कम डाउन! शी हॅज विंग्ज! छप्पर इज ईझिअर फॉर हर!"

"उतर आता," आजी म्हणाली. "पोरीला कळतं, तुला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्वीच्या खिडकीबाहेर, छपराच्या अगदी टोकाला, लाल रिबिनीत बांधलेल्या काचेच्या बांगड्या होत्या. माझी शिडी मात्र अजून परत आली नव्हती. बांगड्या दाखवायला अन्वी धावत आली. "काका, प्रूफ मिळालं! बाबा कॅन्ट इव्हन क्लाइंब. काल त्याचे पाय किती शेक होत होते, तुम्ही पाहिलं ना? सो इट्स नॉट हिम!" आयुष्यभर पुराव्यावर चाललेला मी म्हणालो, "अगदी बरोबर." तिच्या मागं बाबा उभा होता. खरचटलेल्या कोपराला हळद लावलेली आणि चेहरा पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखा.

आता अन्वीचा एकच दुधाचा दात उरला आहे, आणि तोही हलतो. पण अन्वीचा बाबा कुंपणाशी धावत येत नाही. तो तिच्या डब्यात सफरचंदाच्या अगदी पातळ चकत्या भरतो, भाकरी दुधात कुस्करून देतो, चिक्की वरच्या खणात दडवून ठेवतो. परवा मीच विचारलं, "काय म्हणतोय शेवटचा?"

खिडकीत अन्वी गृहपाठ करत बसली होती आणि जिभेनं तो दात पुढे ढकलत होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "हलतोय रे. पडू दे सावकाश."