रुमालाखालची पाच बोटं

माणसानं क्षमा करावी, असं कीर्तनकार सांगतात. सांगोत बापडे. त्यांची बिदागी कीर्तन संपल्याबरोबर ताटात पडते. ज्यानं माझी दलाली खाल्ली त्या माणसाला मी क्षमा केली नाही, आणि आता तोंडातले दात गेले तरी करायचा विचार नाही.

तो अमरावतीच्या कापूसबाजारातला मोठा अडत्या. शेतकऱ्याच्या कापसाला गिऱ्हाईक गाठून द्यायचं आणि मधली अडत घ्यायची, हा त्याचा धंदा. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला कुणी स्वप्नात पाहिला नसेल असा भाव आला. साध्यासुध्या कास्तकाराच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. एवढा पैसा घरात आला की तो बाहेर काढणारेही दारात येतात. मुंबईत समुद्र बुजवून जमीन करणारी एक कंपनी निघाली होती. तिचे शेअर वऱ्हाडात खपवायचं काम या अडत्यानं घेतलं. समुद्र त्यानंही पाहिला नव्हता आणि मीही नाही.

मी तेव्हा पंचविशीचा. बाजारात दलालांच्या हाताखाली वाढलेला, आणि बोलायला बसलो की समोरच्याला उठू न देणारा. अडत्यानं मला बोलावून घेतलं. शेअर विकायला माणसं दोन तऱ्हेची ठेवत. पगारी माणूस पेढीवर लोडाला टेकून बसे, महिना भरला की ठरलेले रुपये घेई आणि मधल्या वेळात डुलक्या काढी. दलालीवाला गावोगाव हिंडे. विकलं तर खाईल, नाही तर उपाशी. बैलांचा चारा, पायांतल्या वहाणा, सगळं त्याच्याच पदरचं. मी दलाली पत्करली, कारण मला माझ्या जिभेचा फार गर्व होता.

दलाली ठरली ती बाजाराच्या रीतीनं. आमच्याकडे आकडा तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. आणि रुमालाखाली ठरलेलं उघड करायचं नाही, हा बाजाराचा कायदा. जो उघड करील त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नसे. अडत्यानं माझी पाचही बोटं मुठीत घेऊन आवळली. एका शेअरामागे पाच रुपये. त्याच्या अंगठीचा खडा मला टोचला होता, तेवढं पक्कं आठवतं.

पाच रुपयांच्या भरवशावर मी बायकोच्या सोन्याच्या पाटल्या सोनाराकडे गहाण टाकल्या आणि छकडा व बैलजोडी घेतली. मृग लागायच्या आत सोडवून नेल्या नाहीत तर आटवीन, असं सोनारानं आधीच बजावलं होतं. पाटल्या तिच्या आईच्या. तिनं त्या काढून दिल्या तेव्हा मनगटं चोळत एवढंच म्हणाली, "लवकर सोडवून आना."

सगळा हंगाम मी हिंडलो. इकडे रिद्धपूर, तिकडे अकोला, मधली गावं किती ते सांगता येणार नाही. ज्याच्या ओसरीवर बसलो त्याला समुद्र असा वर्णन करून सांगितला की जणू रोज सकाळी तिथंच तोंड धुतो. चाळीस शेअर खपवले. त्या चाळीस कागदांचं पाप माझ्याही माथी आहे, ते मी नाकारत नाही. पण ते खपवताना ते पाप आहे हे मला ठाऊक नव्हतं.

हिशेबाला पेढीवर गेलो, तर अडत्यानं शेअरामागे दोन रुपये धरून रक्कम पुढं सरकवली.

"शेटजी, हे कमी हाय," मी म्हणालो.

"कमी काहून? जितकी बोटं धरली तितके देऊन राहिलो."

"तुमी दोन धरली होती?"

तो हसला. पेढीवर आठ-दहा जण बसले होते. "रुमालाखालचं चारचौघांत बोलतं का बाप्पा? बोल, बोल. बाजार ऐकून राहिला."

बोललो असतो तर त्याच दिवशी बाजारातून उठलो असतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ते पैसे बैलांच्या चाऱ्यात आणि घरखर्चात विरले. बायकोनं हातांत काचेच्या बांगड्या भरल्या आणि मला एका शब्दानं काही म्हणाली नाही. ती भांडली असती तर माझा राग निम्मा तरी उतरला असता. तो उतरला नाही. रोज जेवताना तिची मनगटं दिसत आणि मी मनातल्या मनात त्या अडत्याला नाना तऱ्हांनी मारत असे.

उन्हाळ्यात मी अकोल्याला गेलो होतो. तिथं कापसाचे ढीग बेवारशासारखे पडलेले. एक ओळखीचा गाडीवान म्हणाला, "लढाई मिटली म्हनतात. मुंबईत शेअरवाले दारं लावून बसले, कागद कुनी फुकट घेईना." मी तसाच छकडा जुंपला आणि अमरावतीला परतलो.

पोचलो त्याच दिवशी अडत्याचं बोलावणं आलं. मुंबईची खबर त्यालाही लागली होती, पण मला लागली आहे हे त्याला माहीत नव्हतं. भर बाजारात त्यानं मला शेजारी बसवलं, स्वतःच्या हातानं विडा दिला. समोर पंधरा-वीस कास्तकार कमरेला पैशांचे कसे बांधून उभे होते. सगळे माझ्या ओळखीचे, माझ्या शब्दावर शेअर घेतील असे.

"माह्या सोताचे शंभर कागद हायेत, भाऊ," तो कानाशी लागला. "आजच्या आज काढून दे. निम्मी दलाली आताच घे." त्याच्या मांडीजवळ रुपयांची थैली होती. त्यानं रुमाल टाकला आणि खाली माझी पाचही बोटं धरली. तोच खडा त्याच जागी टोचला.

माझ्या डोळ्यांपुढं पाटल्या आल्या. मृगाला अजून दिवस होते. मान डोलावली असती तर संध्याकाळी त्या घरी आल्या असत्या. मी हे पुन्हा पुन्हा सांगतो, कारण लोकांना वाटतं मी भोळेपणानं किंवा धर्मबुद्धीनं वागलो. तसं काही नाही. मला फक्त त्याचं तोंड बघायचं होतं.

मी डाव्या हातानं रुमाल ओढून फेकला.

भोवतालच्या माना वळल्या. अडत्याची मूठ माझ्या पाच बोटांवर तशीच आवळलेली. तो हात काढून घेऊ लागला, तेव्हा मीच त्याचं मनगट पकडलं. "थांबा ना शेटजी! मोजू द्या लोकायले. माल चांगला व्हता तवा दोन बोटं, अन् आज पाच? काहून? मुंबईचं काय आयकलं तुमी?"

कास्तकारांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं कमरेचा कसा चाचपला आणि चालू लागला, मग त्याच्यामागे सगळेच. अडत्याचा खालचा ओठ लोंबला होता आणि विड्याचा लाल ओघळ पांढऱ्या अंगरख्यावर उतरत होता.

शंभर कागद त्याच्याच गळ्यात राहिले. दिवाळीच्या आत पेढीला कुलूप लागलं. मलाही बाजारानं कायदा लावला. माझ्या हातात पुन्हा कुणी हात दिला नाही, आणि पुढची सगळी वर्षं मी लोकांचा माल छकड्यातून वाहिला. मृग लागला आणि सोनारानं पाटल्या आटवल्या.

ते ऐकून आलो त्या संध्याकाळी बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, थैलीसकट. तिनं काचेच्या बांगड्या कोपराकडे सारल्या. मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली,

"पाटल्या गेल्या त्या गेल्या. त्याचं तोंड कसं झालं व्हतं, ते पुन्ना सांगा."