पाहुणे कोण कोण येणार

मोठ्या बाई रोज परिपाठाआधी शाळेच्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसत. सणसरजवळच्या आमच्या शाळेत पारधी वस्तीवरची मुलं येऊ लागली होती. पण त्यांच्या आया फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत. म्हणून बाईच बाहेर गेल्या. “त्यांना आत यायला वेळ लागेल. तोवर शाळा थोडी बाहेर सरकली तर बिघडलं कुठं?” असं त्या मला म्हणाल्या. मी शाळा समितीचा सदस्य. उन्हानं खुर्ची खराब होईल, एवढंच माझ्या मनात आलं.

मुलांकडून त्या पारधी बोली शिकल्या. चुकल्या की पोरं हसत. हसलेलं पोर दुसऱ्या दिवशी हमखास येतं, हा त्यांचा हिशेब होता आणि तो सहसा बरोबर यायचा.

पुढं एका सव्वीस जानेवारीला त्या आया पहिल्यांदा आत आल्या, पुढच्या सतरंजीवर बसल्या. बाईंनी पाहुणे म्हणून फौजदारांना बोलावलं होतं. गाव या मुलांना चोर म्हणतं, तर फौजदारांच्याच हातून गावादेखत त्यांचं कौतुक व्हावं, हा त्यांचा साधा विचार.

पोलिसांची गाडी फाटकातून आत शिरली. वस्तीवरची सगळ्यांत थोरली बाई, जिला सारे आजी म्हणत, उठली. आयांनी रांगेतून आपापली मुलं ओढली आणि मागच्या बुटक्या भिंतीवरून त्या उसात गेल्या. तिसरीतली रूपाली प्रतिज्ञा सांगत होती; वाक्य अर्धंच राहिलं. फौजदार गाडीचं दार धरून तसेच उभे.

समितीचे अध्यक्ष तात्या म्हणाले, “मनात पाप नसतं तर पळाली असती का?” माइक चालूच होता.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर एकही पाल उभं नव्हतं. माझ्या मोटारसायकलवरून हिंडत बाईंनी आणि मी इंदापूरच्या पुढं कॅनॉलकाठी त्यांना गाठलं. आजीनं बसा म्हटलं नाही.

“पोरास्नी रांगंत हुबं केलं, आमास्नी आत घेतलं, आन् मागनं गाडी आली. आमी काय समजायचं, बाई? माझा ल्योक असाच भरल्या लग्नातनं उचलून नेलता. न केलेल्या चोरीपायी.”

बाई मातीतच बसल्या. “चूक माझी. कोण येणार ते तुम्हाला आधी विचारायला हवं होतं.”

“मंग इचारत जावा,” आजी म्हणाली.

पालं परत आली. रूपालीची आई मात्र तिला घेऊन पाहुण्यांकडं गेली, कुठं ते कुणी सांगेना. नवं पाल दिसलं की बाई तिथं तिची चौकशी करीत. ती सापडली नाही.

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाआधी बाई वस्तीवर जाऊन पाहुण्यांची नावं सांगत. स्वतःच्या निरोप समारंभाचीही सांगितली. आजीनं एकच नाव नको म्हटलं. बाई मला घेऊन तात्यांच्या घरी गेल्या आणि उद्या येऊ नका, असं तोंडावर सांगितलं.

“मी अध्यक्ष हाय, बाई. माझ्याबिगर शाळेत निरोप व्हायचा न्हाय.”

“मग तो मी वस्तीवर घेईन,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी बाई आणि आम्ही पाहुणे सतरंज्या घेऊन वस्तीच्या माळावर गेलो. पालांच्या अलीकडंच आजीनं आम्हाला थांबवलं. बाई एकेकाचं नाव सांगू लागल्या. आजी चेहरा पाही आणि होकारानं मान हलवी. माझं नाव घेतल्यावर ती बराच वेळ बघत राहिली. आत घेतील की नाही या धास्तीनं, कुणाच्या दारात असा मी जन्मात पहिल्यांदा उभा होतो.